फेलिक्समामांची रेकॉर्ड

नशीब या विषयावर बोलायचा अधिकार आमच्या भागात कुणाला असेल तर तो मला आहे. मी प्तुयच्या विमा कचेरीत नुकसान-तपासनीस आहे. हालोझेच्या टेकड्यांवर गारा पडल्या, कुणाच्या गोठ्यावर वीज कोसळली, कुणाची गाय विहिरीत पडली, की दुसऱ्या दिवशी माझी स्वारी फाइल घेऊन हजर. इतकी वर्षं लोकांची दुर्दैवं जवळून बघितल्यावर माझं ठाम मत झालं होतं की नशीब वगैरे काही नसतं. नियम असतो, नियमाला पोटकलमं असतात आणि खाली सहीची जागा असते. हे मत मी चारचौघांत, विशेषतः सासरच्या मंडळींत, जरा मोठ्यानेच मांडत असे. ते मत माझ्या हातून कसं सुटलं त्याची ही हकीकत आहे, आणि तीत माझी जी शोभा झाली ती मी लपवणार नाही, कारण ती सगळ्या खोऱ्याला आधीच ठाऊक आहे.

काम साधं होतं. माझी बायको मिलेना, तिचे मामा फेलिक्स, त्यांची एक रेकॉर्ड काढायची. एवढंच.

फेलिक्समामा रेल्वेतले निवृत्त सांधेवाले. पण त्यांना सांधेवाले म्हणून कुणीच ओळखत नसे. लग्न असो, बारसं असो, अग्निशमन दलाची सहल असो, मामा आपला बटणांचा अ‍ॅकॉर्डियन घेऊन यायचे, दोन पोल्का वाजवायचे, मग अ‍ॅकॉर्डियन मांडीवर तसाच ठेवून एक गोष्ट सांगायचे, मग एक वॉल्ट्झ, मग पुन्हा गोष्ट. आमच्याकडे या संगीताला ‘घरचं’ म्हणतात. शहरातले शिकलेले लोक नाक मुरडतात आणि रविवारी दुपारी खिडक्या लावून रेडिओवर तेच ऐकतात. मीही त्यांतलाच. पण मामा गोष्ट सांगायला लागले की मी नाक मुरडायचं विसरून जायचो. साधा वाकडातिकडा माणूस, एक दात सोन्याचा, आणि तोंड उघडलं की शंभर माणसं एका दमात हसायची आणि एका दमात गप्प व्हायची. हे त्यांना कुणी शिकवलं असेल, या विचाराने मी कित्येकदा जेवता जेवता थांबलो आहे.

त्या उन्हाळ्यात मामांचा आवाज बसला. आधी सर्वांनी वाइनला दोष दिला, मग थंड वाइनला. सप्टेंबरात मारिबोरच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तारीख पडली नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या, म्हणजे नव्या वाइनच्या, सणाच्या आधीचा सोमवार. डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही सगळे मामांकडे जेवायला होतो. मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “चला, शेवटी गेराच्या प्रार्थनेला देव पावला.” सगळे हसले, डोळे पुसत हसले. गेरामामी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मामांच्या ताटात आणखी सूप वाढलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

इथे मामींबद्दल सांगायला हवं. गेरामामी हसत नसत. निदान मामांच्या गोष्टींना तरी नाही. मामा रंगात आले की त्या हाताची घडी घालून बसत, आणि मधेच उठून म्हणत, “पुरे करा आता, लोकांना घरी जायचंय.” मामा म्हणायचे की अख्खं हालोझे हसवलं, एक घर राहिलं, आणि त्या घरातच राहावं लागतंय. ही पण त्यांची गोष्टच असे, तिलाही लोक हसत. पण ती सांगताना मामा स्वतः हसत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

तर त्या जेवणात, सूप पुढ्यात असताना, माझ्या तोंडून निघून गेलं, “मामा, आपण तुमची रेकॉर्ड काढू. एका बाजूला पोल्का, एका बाजूला गोष्टी. मी सगळी व्यवस्था करतो.”

“काढा की, जावईबापू,” मामा म्हणाले. “पण मग त्यात गारांची गोष्ट घ्यावी लागेल. चालेल का तुम्हाला?”

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. गारांची गोष्ट ही मामांची सगळ्यात गाजलेली गोष्ट. शहरातून एक विमासाहेब गारांचं नुकसान तपासायला येतो, पायांत चकचकीत बूट. तो शेतकऱ्याला विचारतो, गारा केवढ्या होत्या? शेतकरी म्हणतो, साहेब, मुद्दाम एक जपून ठेवलीय, तळघरात, पिंपात. साहेब तळघरात उतरतो. पहिल्या पिंपात गार सापडत नाही, वितळली असणार, तेव्हा चाखून बघा. दुसऱ्या पिंपात चाखून बघा. असं करत करत सातव्या पिंपाशी साहेबाला गार दिसते. एक नाही, दोन दिसतात. शेतकरीही दोन दिसतात, बायकोही दोन दिसतात. मग साहेब भरपाईच्या कागदावर लिहितो की या गावात प्रत्येक गार जोडीने पडली. हा साहेब कोण हे मामांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, कारण ते त्याची चाल करून दाखवत, आणि ती चाल माझी होती. मी फक्त इतकंच म्हणेन की पिंपं चार होती.

“चालेल,” मी म्हणालो. मिलेनाने टेबलाखाली माझा हात दाबला. त्या एका दाबापायी माणूस काय काय पत्करतो.

पहिली अडचण कागदाची. राजधानीतल्या एका रेकॉर्ड कंपनीने कळवलं की घरचं संगीत आणि विनोद म्हणजे उत्तम, खपतं, पण आधी समितीचा दाखला आणा. त्या काळी आमच्या देशात थिल्लर रेकॉर्डींवर जादा कर असे आणि सांस्कृतिक रेकॉर्डींना तो माफ असे. थिल्लर कोणती नि सांस्कृतिक कोणती, हे एक समिती ठरवी. समितीला सगळ्या गोष्टी टाइप करून, शुद्ध भाषेत हव्या होत्या. मी स्वतः बसलो टाइप करायला. कचेरीचा माणूस मी, मला दुसरी भाषा येते कुठे? मामांची पिंपं गेली, तिथे ‘साठवणपात्रे’ आली. शेवटचं वाक्य मी असं लिहिलं: ‘सातव्या पात्रातील द्रवाचा आस्वाद घेतल्यानंतर अधिकारी महोदयांनी गारांची संख्या दुप्पट असल्याचे नमूद केले.’

समितीसमोर एका सद्गृहस्थांनी हे सगळं मोठ्याने वाचलं. शोकसभेतही माणसं एवढी गंभीर बसत नाहीत. मामा माझ्या शेजारी होते. त्यांचा चेहरा उतरत उतरत छातीपर्यंत आला. समितीने आपसांत कुजबुज केली आणि निकाल दिला की सदर साहित्यात हसण्याजोगे काहीही आढळले नाही, सबब ते थिल्लर नसून लोकजीवनाचा दस्तऐवज आहे, कर माफ. मी आनंदाने मामांचा हात हातात घेतला. मामांनी तो सोडवून घेतला. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की एवढा अपमान त्यांचा उभ्या आयुष्यात झाला नव्हता, आणि तोही फुकटात.

दाखला मिळाल्याची बातमी आमच्या इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. कुणी मधात कच्चं अंडं सांगितलं, कुणी भोपळ्याच्या बियांचं तेल कोमट करून सांगितलं. सगळ्यांवर ताण केली ती खालच्या मजल्यावरच्या हेडविकाबाईंनी. त्या म्हणाल्या, ध्वनिमुद्रणाच्या आधी घरातल्या माणसाला धुराडी साफ करणारा दिसला पाहिजे. दिसला की आपल्या कोटाचं बटण धरायचं आणि तो नजरेआड होईतो सोडायचं नाही, म्हणजे मनात जे असेल ते होतं. मी त्यांना नियम आणि पोटकलमं समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग बटण धरायला तुमचं काय जातं?” त्याच आठवड्यात बाजारात मला काळा पोशाख, खांद्यावर ब्रश असा तो दिसला. माझा हात आपोआप कोटाकडे गेला. नेमका तेव्हा आमच्या कचेरीचा मुख्य साहेब समोरून आला आणि त्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. मी बटण सोडलं नाही. डावा हात दिला. साहेबाने तो काही वेळ बघितला, मग धरला. त्यानंतर कितीतरी दिवस कचेरीत माझ्या तब्येतीची चौकशी होत होती.

रेडिओतला एक ध्वनिमुद्रक मिळाला, ब्राने त्याचं नाव. उंच, उदास माणूस, सुटीच्या दिवशी अशी कामं करायचा. त्याची गाडी, त्याची यंत्रं, दोन माइक. जागा ठरली अग्निशमन दलाचं सभागृह. आमच्या खोऱ्यात तेवढी मोठी जागा दुसरी नाही, आणि श्रोते आयतेच, कारण गावातला धडधाकट असा प्रत्येक पुरुष दलात आहेच. शनिवारी सकाळी सगळे गणवेश घालून आले, कारण रेकॉर्डीच्या मागे फोटो छापणार अशी अफवा होती. ब्रानेने माइक लावले. मामांनी दोन पोल्का आणि एक वॉल्ट्झ वाजवली, ती पहिल्या बाजूची सोय झाली. मग गारांची गोष्ट सुरू झाली. घसा घोगरा होता, पण चालत होता. साहेब पाचव्या पिंपाशी आला, माझी मान खाली, सभागृह फुटायच्या बेतात, आणि छपरावरचा भोंगा वाजला.

क्षणभर कुणाला कळेना. मग दरवाजातून कुणीतरी ओरडलं की वरच्या वाडीत दारूच्या भट्टीला आग लागली. सगळं सभागृह एकाच वेळी उठलं. खुर्च्या पडल्या, शिरस्त्राणं उचलली गेली, गाडी बाहेर निघाली. मामा साहेबाच्या चालीत, एक पाय हवेत असे उभेच राहिले. समोर उरल्या बायका, ब्राने, मी आणि अर्धवट खाल्लेले सॉसेज. मामांनी पाय खाली ठेवला आणि हळूच म्हणाले की एवढ्या लोकांना एका क्षणात पळवणारा विनोद त्यांना आजवर जमला नव्हता. आग विझली. मालकाने वाचवलेली दारू तिथल्या तिथे दलाला पाजली, आणि ते सगळे संध्याकाळी गात गात परतले, माइकसमोर उभं करण्याच्या अवस्थेत कुणी नव्हतं. ती भट्टी आमच्याच कचेरीत उतरवलेली होती. सोमवारी फाइल माझ्याच टेबलावर आली.

आता एकच शनिवार उरला होता, ऑपरेशनच्या आधीचा. ब्राने तेवढ्या दिवशी मोकळा होता. डॉक्टर म्हणाले की एकदा बोलण्याइतका आवाज हवा असेल तर आठवडाभर मामांनी एक शब्द बोलायचा नाही. मामांनी मान हलवली, आणि खरोखरच बोलले नाहीत.

बुधवारी गेरामामी माझ्या कचेरीत आल्या. त्या कधी शहरात येत नसत. डोक्याला रविवारचा रुमाल, हातात पिशवी. खिडकीपाशी रांग होती, रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर मी उठायला लागलो तर म्हणाल्या, बसा, मी जास्त वेळ घेणार नाही.

“चार दिवस झाले घर गप्प आहे,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, शांतता मिळाली की बरं वाटेल. नाही वाटत. चुलीतलं लाकूड तडकलं तरी मी दचकते. सोमवारनंतर हे असंच राहणार. तेव्हा ती रेकॉर्ड झालीच पाहिजे, कशीही. आणि मी आले होते हे त्यांना सांगू नका.”

पिशवीतून त्यांनी अक्रोडाच्या पोतित्साचा, आमच्याकडच्या गोड गुंडाळी-पावाचा, एक तुकडा काढून काउंटरवर ठेवला आणि निघून गेल्या. मी काचेमागे बसून राहिलो. मागच्या माणसाची गाय मेली होती, तो खोकला, तेव्हा मी भानावर आलो.

या वेळी भोंगा नको, लोकांची ये-जा नको, म्हणून मी डोकं लढवलं आणि मामांचा शेजारी फेर्दो याचं टेकडीवरचं द्राक्षमळ्यातलं घर ठरवलं. जाड भिंती, पुढे मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, आसपास चिटपाखरू नाही. चिटपाखरू का नाही, याचा विचार मी केला नाही. वर्षानुवर्षं त्या टेकड्या पालथ्या घालणाऱ्या माणसाला ते सुचू नये, याला काय म्हणावं? शनिवारी सकाळी गाडी वर पोचली, ब्रानेने दार उघडलं, आणि खड्ड्यांतून रिकामी बैलगाडी धावत यावी तसा खडखडाट अंगावर आला. क्लोपोतेत्स. आमच्या प्रत्येक मळ्यात उंच खांबावर ही लाकडी चक्की असते, वारा आला की पंखे फिरतात आणि आतल्या हातोड्या फळीवर आपटतात, पाखरं पळतात. ऑगस्टात ती चढवायची आणि मार्टिनच्या दिवशी उतरवायची. त्याआधी थांबवली तर वर्ष वाईट जातं, घरावर काहीतरी येतं. द्राक्षं कधीच काढून झाली होती, राखायला एक मणी शिल्लक नव्हता, पण मार्टिनला अजून अवकाश होता. आणि वारा असा सुटला होता की काय सांगू.

ब्रानेने कानांवरचं यंत्र काढलं आणि म्हणाला, हे थांबवा, नाहीतर मी जातो.

मी फेर्दोकडे गेलो. नियम, पोटकलमं, विज्ञान, सगळं सांगितलं. फेर्दो म्हातारा, सभ्य माणूस. त्याने कोपऱ्यातली दोरी आणून माझ्या हातात दिली.

“साहेब, शिडी तिथे आहे,” तो म्हणाला. “मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त मी बघणार नाही.”

आणि त्याने पाठ केली. गोष्ट ऐकायला बोलावलेले पाहुणे जमले होते, त्यांनीही एकेक करून पाठ केली. तीस-चाळीस पाठी. मी शिडी चढायला लागलो. तावातावाने चढलो. वर पोचलो, दोरीचा फास केला, आणि खाली बघितलं. घरापुढच्या बाकावर मामा बसले होते, गळ्याला लोकरीचा मफलर, बोलायची मनाई, दोन्ही हात गुडघ्यांवर. सोमवारी सकाळी त्यांचा गळा कापणार होते. दारात मामी उभ्या होत्या. फक्त त्या दोघांनी पाठ केली नव्हती. ती दोघं माझ्याकडे बघत होती. मला माझं सगळं तत्त्वज्ञान पाठ होतं, मनातल्या मनात एकदा म्हणूनही बघितलं. हात काही पुढे होईना. एवढ्यात पंख्याने माझी टोपी उडवली, ती फिरत फिरत खाली दरीत गेली. मी उतरलो. फास सोडून दोरी नीट गुंडाळून फेर्दोला परत दिली. त्याने ती घेतली आणि सगळ्यांच्या आधी मला एक पेला वाइन दिली. भीती वाटली होती, आणि लाज त्याहून जास्त.

ब्राने मात्र गेला नाही. शिडीवरचा माझा पराक्रम बघून त्याला बहुधा दया आली. त्याने खिडक्यांना गाद्या लावल्या, रजया टांगल्या. मामांच्या तोंडाशी एक माइक ठेवला, तिथे खडखडाट कमी यायचा. पण श्रोत्यांचं हसू घ्यायला दुसरा माइक खोलीत ठेवला की त्यात क्लोपोतेत्सशिवाय काही येईना. शेवटी त्याला एकच शांत जागा सापडली, मागचं स्वयंपाकघर, पावाच्या भट्टीच्या जाड भिंतीआड. मधे ताटं सरकवायची खिडकी होती. त्याने दुसरा माइक त्या खिडकीत, पिठाच्या डब्यावर ठेवला आणि म्हणाला, हसू इथून जेवढं येईल तेवढं येईल.

सगळे बसले. मामी पहिल्या रांगेत, हाताची घडी. मामांनी मफलर काढला, तोंड उघडलं, मामींकडे बघितलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. मग आठवडाभरात पहिल्यांदा बोलले. “गेरा, तू जरा आत जा. ओव्हनमधली गिबानित्सा बघ. तुझा चेहरा समोर असला की मला समितीची आठवण होते.” लोक हसले. मामी उठल्या, एप्रन सारखा केला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मग मामांनी सुरुवात केली. मी ती गोष्ट किती वेळा ऐकली असेल, पण त्या दिवशी जे झालं ते आजही आठवलं की अंगावर काटा येतो. आवाज फाटला होता. पण तो फाटका आवाज मामांनी साहेबाला देऊन टाकला, त्यामुळे साहेब पिंपागणिक जास्त प्यालेला वाटायला लागला. मधेच वाऱ्याचा मोठा झोत आला आणि गाद्या-रजया असतानाही खडखडाट आत घुसला. ब्रानेने कपाळाला हात लावला. मामा थांबले, एक बोट वर केलं, कान दिला, आणि शेतकऱ्याच्या आवाजात म्हणाले, “ऐका साहेब, तुमच्या तोंडून नाव निघालं आणि आल्या बघा गारा.” खोली कोसळली. त्यापुढे जेव्हा जेव्हा वारा आला तेव्हा तेव्हा मामांनी त्याला गोष्टीत घेतलं, जसा काही तो त्यांच्या साथीला बसलेला वादक होता. साहेब तळघरातून वर यायला घाबरतो, कारण वर गारा पडतायत, म्हणून आणखी एक पिंप. मी, ज्याच्यावर ही गोष्ट होती तो मी, आ वासून ऐकत होतो. माझा अपमान चालला आहे हे मला पार शेवटी आठवलं, तेव्हा वेळ निघून गेली होती. शेवटचं वाक्य संपलं आणि मामांचा आवाजही संपला. ‘जोडीने पडली’ मधला ‘पडली’ नुसता श्वास होता. त्यानंतर त्यांच्या गळ्यातून शब्द निघाला नाही. सोमवारी ऑपरेशन झालं, ठीक झालं, आणि मार्टिनच्या दिवशी फेर्दोने क्लोपोतेत्स रीतसर उतरवली.

रेकॉर्ड आली जानेवारीत. मामांकडे डुक्कर कापलं होतं, सगळं घर सॉसेज भरण्यात गुंतलं होतं. मी माझा ग्रामोफोन घेऊन गेलो. मामा खुर्चीत बसले होते, गळ्याला पांढरी पट्टी. ते बरे होते, वजनही वाढलं होतं, पण माणसात नसल्यासारखे असत. कुणी काही विचारलं की हाताने ‘ठीक’ म्हणत आणि नजर काढून घेत. मामी टेबलाशी होत्या, मसाल्याच्या मांसात कोपरापर्यंत हात. सुई ठेवली. दुसरी बाजू. मामांचा आवाज खोलीत आला, आणि सगळ्यांचे हात थांबले. मामींनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं आपलं काम, घर आता गप्प राहणार नाही.

साहेब दुसऱ्या पिंपाशी आला तेव्हा रेकॉर्डीत कुणीतरी हसलं. लोकांचं हसू दूरवर होतं, भिंतीपलीकडून आल्यासारखं. हे अगदी जवळचं होतं. आधी नाकातून सुटलेलं, मग दाबलेलं, मग पुन्हा सुटलेलं, उचकी लागल्यासारखं बारीक. तिसऱ्या पिंपाशी ते लोकांच्या आधी आलं. विनोद अजून यायचा होता आणि ही बाई आधीच हसत होती, म्हणजे तिला पुढचा शब्द न् शब्द पाठ होता. चौथ्या पिंपाशी तिला श्वास घ्यायला जमेना. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. खोलीत त्या दिवशी कोणत्या बायका होत्या? मग मला पिठाचा डबा आठवला. त्या माइकजवळ, बंद दाराआड, एकच माणूस होतं.

मामींचं तोंड मानेपर्यंत लाल झालं होतं. हात मांसात, त्यामुळे तोंड झाकायलाही सोय नव्हती.

“काय बघताय?” त्या म्हणाल्या. “नवरा सगळ्या गावासमोर बोलतो, मी काय पुढे बसून खिदळू? घरी जाऊन हसायचे. गोठ्यात.”

मी खुर्चीवर बसलो. भट्टीला आग लागली नसती तर, मी शिडीवर फास टाकला असता तर, वारा पडला असता तर, यांतलं एक जरी सरळ झालं असतं तरी ते हसू त्या डब्यावर कुणाला सापडलं नसतं. सगळं बिघडलं, आणि ओळीने, नेमकं हवं तसं बिघडलं. याला कुठलं कलम लावायचं ते मला कळत नाही. मी आजही त्यापुढे हात जोडून उभा आहे.

मामा उठले. त्यांनी सुई उचलून मागे नेली. दुसरं पिंप, ते नाकातलं हसू. पुन्हा मागे नेली. आपल्या आवाजाशी त्यांना काही देणं-घेणं नव्हतं, तो चालू असताना ते वाट बघत राहायचे, आणि हसू आलं की डोळे मिटायचे. आम्हाला वाटलं, आता दिवसभर हेच चालणार. पण मग त्यांनी सुई उचलली ती बाजूलाच ठेवली. त्यांनी आपली खुर्ची ओढत टेबलापाशी नेली, मामींच्या अगदी समोर ठेवली, गळ्यावरची पट्टी सारखी केली, ओठ हलवले, शहरातल्या साहेबासारखा एक पाय उचलला आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले.